कंप्रेसरच्या कंट्रोलरवर फॉल्ट आला? कार्ड मागवण्याआधी ही तपासणी याच क्रमाने करा

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की वणी-पांढरकवड्यापासून अकोट-दर्यापूरपर्यंत एकच प्रश्न कानावर येतो: "स्क्रू कंप्रेसरचं कार्ड गेलं, नवीन कुठं मिळेल?" (स्क्रू कंप्रेसर म्हणजे फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारे मशीन, आणि कार्ड म्हणजे त्याच्या कंट्रोलरचे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड.) गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राईस मिल आणि अकोल्याकडच्या डाळ मिलमध्येही तेच. तिथे हवा थांबली की सॉर्टेक्स (रंगावरून दाणे निवडणारे मशीन) थांबतो आणि मागचा सगळा माल तुंबतो. मग घाईत कार्ड मागवले जाते, नागपूरहून माणूस येतो, कार्ड बसते आणि दुसऱ्या दिवशी तोच फॉल्ट पुन्हा स्क्रीनवर दिसतो. कारण फॉल्ट बहुतेक वेळा कार्डात नसतोच. तो कार्डाला मिळणाऱ्या लाइनीत असतो, सेन्सरच्या वायरीत असतो, नाहीतर मशीन खरोखरच तापलेले असते आणि कार्ड आपले काम चोख करत असते.

खालचा क्रम तेल वापरणाऱ्या, स्टार-डेल्टा स्टार्टरच्या (मोटर आधी कमी करंटवर सुरू करून मग पूर्ण जोरावर नेणाऱ्या) स्क्रू कंप्रेसरसाठी आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर काय वेगळे, ते त्या-त्या ठिकाणी सांगितले आहे. पॅनलमधले काम लायसन असलेल्या वायरमननेच करावे. ऑपरेटरने पहिला टप्पा मात्र स्वतः करायचाच आहे, कारण त्या वेळी मशीनजवळ तोच असतो.

## तयारी

हाताशी हे ठेवा: मिनिमम-मॅक्सिमम नोंदवणारा मल्टीमीटर, क्लॅम्प मीटर, फेज सीक्वेन्स मीटर, छोटे पेचकस, मऊ ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, तापमान मोजायची इन्फ्रारेड गन आणि मशीनचे वायरिंग डायग्राम. डायग्राम पॅनलच्या दाराच्या आत चिकटवलेले असते. उंदराने खाल्ले असेल तर कंपनीकडून आजच मागवून घ्या, कारण डायग्रामशिवाय केलेली तपासणी म्हणजे निव्वळ अंदाज.

दोन रेझिस्टरही विकत आणून ठेवा: १२० ओहम, १ टक्का अचूकतेचा, आणि २.२ किलोओहम, अर्ध्या वॅटचा. किंमत चहाइतकीही नाही, पण कार्ड चांगले की खराब याचा निकाल यांच्यावरच लागतो. कसा, ते पाचव्या टप्प्यात.

## १. रिसेट दाबू नका, आधी लिहून घ्या

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. मशीन थांबले की ऑपरेटर रिसेट दाबतो, मशीन चालू होते, पुन्हा थांबते, पुन्हा रिसेट. पाचव्यांदा बंद पडल्यावर वायरमनला फोन जातो, आणि तोवर खरी खूण पुसलेली असते.

स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. फॉल्टचा कोड, त्या क्षणाचे तापमान, प्रेशर आणि एकूण रनिंग अवर्स फोटोत आले पाहिजेत. मग मेनूत जाऊन फॉल्ट हिस्ट्री उघडा आणि मागच्या दहा नोंदींचेही फोटो घ्या. सगळे पॅरामीटर एक-एक करून टिपा: लोड-अनलोड प्रेशर (हवा भरणे कधी सुरू आणि कधी बंद होते तो दाब), सेन्सरची रेंज, स्टार-डेल्टाचा वेळ, ट्रिप तापमान. कार्ड खरेच बदलावे लागले तर हेच फोटो कामी येतील.

यासोबत ऑपरेटरला चार गोष्टी विचारा. मशीन सुरू होताना बंद पडले, लोड घेताना की तासभर चालल्यावर? लाइन गेली-आली होती का? जनरेटरवर होते की महावितरणच्या लाइनीवर? शेडमध्ये कुठे वेल्डिंग चालू होते का?

खात्री: स्क्रीनवर "सर्व्हिस ड्यू" किंवा "रिमोट" असे काही असेल तर तो फॉल्टच नाही. काही कंट्रोलर सर्व्हिसचे तास भरले की मशीन सुरू होऊ देत नाहीत, आणि रिमोट मोडमध्ये समोरचे स्टार्ट बटण काम करत नाही. फिल्टर-तेल बदलून तास रिसेट करा, मोड लोकल करा.

## २. मशीन सुरक्षित करा

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मिलमध्ये दुसरा माणूस "लाइट गेला वाटते" म्हणून स्विच चढवतो, असे होते. रिसीव्हर टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा. सेपरेटर टाकीचा (हवेतून तेल वेगळे करणाऱ्या टाकीचा) गेज शून्यावर येईपर्यंत थांबा. हवा आपोआप सुटायला वेळ लागतो. गेज शून्य दाखवत असला तरी तेलाचे झाकण किंवा कोणताही प्लग एकदम उघडू नका. एक-दोन आटे सैल करून फुसफुस ऐका.

सावधान: व्हीएफडीच्या मशीनमध्ये स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा. लिहिलेला नसेल तर किमान १० मिनिटे. मग डीसी बसचा (त्या कपॅसिटरच्या टोकांचा) व्होल्टेज मोजूनच हात घाला.

पुढच्या काही चाचण्यांत कंट्रोलर चालू हवा असतो, पण मोटर सुरू होता कामा नये. त्यासाठी मेन बंद असताना मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वायर काढून टेप लावा, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला ठेवा, आणि त्यानंतरच मेन चढवा.

## ३. लाइन तपासा, आणि चालू लोडवर तपासा

ग्रामीण फीडरवर निम्मा वेळ या टप्प्याला द्या. उरलेली तपासणी पुष्कळदा इथेच संपते.

व्होल्टेज. मशीन बंद असताना तिन्ही फेजमध्ये ४१० व्होल्ट दिसले म्हणून लाइन चांगली ठरत नाही. मीटर मिनिममवर लावा आणि दुसऱ्या कोणाला मशीन सुरू करायला सांगा (अर्थात यासाठी कॉइलची वायर पुन्हा जोडावी लागेल, पॅनलचे दार बंद ठेवून आणि मीटरच्या तारा नीट बसवून). सुरू होताना व्होल्टेज ३२० पर्यंत पडला, तर कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा २४ व्होल्टही त्याच प्रमाणात साडेअठरावर येतो. कॉन्टॅक्टर थरथरतो, कंट्रोलर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि स्क्रीनवर भलताच फॉल्ट दिसतो. "कार्ड आपोआप रिसेट होते" या तक्रारीचे हे पहिले कारण. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला ३८०, ४१५, ४४० असे टॅप असतात. तुमच्याकडे लाइन कायम कमी असेल तर योग्य टॅप निवडा. मात्र रात्री इतर मिल बंद झाल्यावर व्होल्टेज किती चढतो, ते मोजल्याशिवाय टॅप खाली आणू नका.

एक फेज गेलेला. डीपीवरचा एक डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला की फेज जातो, पण मिलमधल्या इतर मोटर चालू असतील तर त्या गेलेल्या फेजवरही उलटा व्होल्टेज तयार करतात. मीटर ३५० च्या वर दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून बाकीच्या मोटर बंद करून मोजा, किंवा चालू लोडवर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर बघा. एका फेजवर शून्य आणि बाकी दोनवर जास्त असेल तर लाइनमनला बोलवा, कंप्रेसरला हात लावू नका.

फेजचा क्रम. डीपी बदलली, केबल जोडली, किंवा जनरेटर नवा बसवला की "फेज सीक्वेन्स" फॉल्ट येतो. हा फॉल्ट म्हणजे कार्डाने तुमचा एअरएंड (हवा दाबणारा स्क्रूंचा भाग) वाचवला. स्क्रू उलटा फिरला तर काही सेकंदांतच नुकसान होऊ शकते. कंप्रेसरच्या येणाऱ्या केबलच्या कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. आधी मिलमधल्या इतर मोटरही उलट्या फिरताहेत का ते बघा. फिरत असतील तर दुरुस्ती मेन पॅनलवरच व्हायला हवी. जनरेटर असेल तर महावितरण आणि जनरेटर, दोन्हीवर सीक्वेन्स मीटर लावा. एकावर बरोबर आणि दुसऱ्यावर उलटा असेल तर जनरेटरकडच्या दोन केबल बदलायच्या, कंप्रेसरच्या नव्हे.

सावधान: फेजचा क्रम तपासणाऱ्या रिलेला जाणाऱ्या बारीक वायरी अदलाबदल करून फॉल्ट घालवू नका. रिले समाधानी होईल, मोटर उलटीच फिरेल. आणि रिले बायपास तर कधीच नको.

अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज चालू लोडवर मोजा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा सतत जास्त असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीचा ओलावा जातो, आणि सेन्सरचे आकडे नाचायला लागतात.

## ४. पॅनल उघडून डोळ्यांनी बघा

मेन बंद. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि राईस मिलमध्ये कोंडा टर्मिनलवर साचतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि दोन वायरींच्या मध्ये वाट करून देतो. ब्रशने सैल करा, व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेच्या पाइपने पॅनल फुंकू नका: त्या हवेत पाणी आणि तेल असते, शिवाय तंतू कॉन्टॅक्टरच्या आत जाऊन बसतात.

उंदराने कुरतडलेली वायर, कॉन्टॅक्टरमध्ये चिरडलेली पाल, मुंग्यांचे घर, काळी पडलेली लग, पिवळी झालेली प्लास्टिकची टोपी, हे सगळे शोधा. प्रत्येक टर्मिनल पेचकसाने दाबून बघा. कंप्रेसर सतत थरथरतो, स्क्रू सैल होतातच. प्रत्येक बारीक वायर हलकेच ओढा. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर फेरूलच्या (टोकाला दाबलेल्या धातूच्या नळीच्या) आत तुटलेली निघते. कार्डाचे कनेक्टर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळल्यावर पुन्हा घट्ट बसवा. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका.

मग कंट्रोलर चालू करून बघा. फॉल्ट आता गेला असेल तरी पाचवा टप्पा सोडू नका.

## ५. स्क्रीनवरचा आकडा खरा आहे का?

सगळ्या तपासणीची दिशा इथे ठरते. आकडा खरा असेल तर कारण मशीनमध्ये आहे, खोटा असेल तर सेन्सर, वायर किंवा कार्डात.

### तापमान

मशीन थंड असताना कंट्रोलर चालू करा. सकाळी शेडमध्ये ३० अंश असेल तर स्क्रीननेही तिशीच्या आसपासच दाखवले पाहिजे. १८ दाखवत असेल किंवा ६० दाखवत असेल तर आकडा खोटा.

सेन्सरवर किंवा मॅन्युअलमध्ये प्रकार लिहिलेला असतो. पीटी-१०० (तापमानानुसार ओहम बदलणारा सेन्सर) असेल तर वायरी कार्डापासून काढून ओहम मोजा. ० अंशाला १००, ३० अंशाला १११.७, ४० अंशाला ११५.५, १०० अंशाला १३८.५ ओहम यायला हवेत. पीटी-१००० असेल तर हेच आकडे दहापट. साधारण ०.३९ ओहमला एक अंश, हे लक्षात ठेवा. याचा अर्थ दोन वायरींच्या जोडणीत गंजलेल्या टर्मिनलवर फक्त ४ ओहमचा अडथळा वाढला, तर स्क्रीनवर १० अंश जास्त दिसतात. खरे तापमान ९५, कार्डाला दिसते १०५, आणि वॉर्निंग येते. कितीतरी कूलर विनाकारण उघडले जातात ते यामुळे.

आता कार्डाचा निकाल. सेन्सर काढलेल्या टर्मिनलवर १२० ओहमचा रेझिस्टर लावा (पीटी-१००० असेल तर १.२ किलोओहमचा). पीटी-१०० च्या कार्डाने ५१-५२ अंश दाखवले पाहिजेत. दाखवले तर कार्ड चांगले, दोष सेन्सरमध्ये किंवा वायरीत. नाही दाखवले तर आधी पॅरामीटरमध्ये सेन्सरचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते बघा, आणि तोही बरोबर असेल तरच कार्डावर संशय घ्या. सेन्सर तीन वायरींचा असेल तर तिसरी वायर कुठे जाते ते डायग्राममध्ये बघून तिथे जंपर लावा.

आकडा खरा निघाला तर? बऱ्याच मशीनमध्ये वॉर्निंग १०५ आणि ट्रिप ११० अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे बाहेरच ४५ अंश होतात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा वेळी कूलरमध्ये अडकलेली रुई, कमी तेल, अडकलेला थर्मल व्हॉल्व्ह, फिरत नसलेला पंखा हे बघा. मशीनची गरम हवा डक्टने शेडबाहेर काढा. ती आतच फिरत राहिली तर कूलर कितीही धुवा, फायदा नाही. इन्फ्रारेड गनने पडताळताना चकचकीत धातूवर नेम धरू नका, आकडा कमी दिसतो. रंगवलेल्या जागेवर किंवा काळी टेप चिकटवून मोजा.

सावधान: ट्रिपचे तापमान वाढवून किंवा सेन्सरच्या जागी रेझिस्टर ठेवून मशीन चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. गरम तेल आणि दाबाची हवा एकाच टाकीत असते, आणि बाजूला कापसाची गंजी. चाचणी झाली की रेझिस्टर काढून खिशात टाका आणि मगच मेन कॉन्टॅक्टरची वायर जोडा.

### प्रेशर

प्रेशर ट्रान्समीटर (दाबानुसार करंट देणारा सेन्सर) बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो. तरीही लेबल वाचा, कारण व्होल्टेज देणारेही असतात. ० ते १६ बारची रेंज असेल तर हिशोब सोपा: शून्य बारला ४, आणि पुढे प्रत्येक बारला १ मिलिअँपिअर. ७ बारला ११. मीटर सीरिजमध्ये लावून मोजा आणि गेजशी जुळवा. शून्य मिलिअँपिअर आला तर वायर तुटलेली किंवा २४ व्होल्टच मिळत नाही.

दोन वायरींचा ट्रान्समीटर असेल तर तो काढून त्याच्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्टवर १० मिलिअँपिअरच्या थोडा वर करंट येतो, म्हणजे स्क्रीनवर ६ बारच्या आसपास दिसायला हवे. दिसले तर कार्डाचा इनपुट ठीक. वायरी थेट एकमेकींना जोडू नका, चांगले कार्ड त्या क्षणी जाऊ शकते.

दुसरी चूक रेंजची. ट्रान्समीटर १६ बारचा आणि पॅरामीटरमध्ये १० बार, असे असेल तर खऱ्या ८ बारला स्क्रीन ५ दाखवते. कंट्रोलर हवा भरतच राहतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. बाजारातून दुसऱ्या रेंजचा ट्रान्समीटर आणून बसवला की हमखास हेच होते.

## ६. ओव्हरलोड, फिल्टर आणि इमर्जन्सी

या इनपुटमध्ये फक्त कॉन्टॅक्ट उघडा की बंद एवढेच असते. डायग्राम बघून तो कॉन्टॅक्ट मीटरने तपासा.

मोटर ओव्हरलोड वारंवार येत असेल तर आधी अँपिअर मोजा, मग रिलेचे सेटिंग बघा. स्टार-डेल्टात रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, मोटरच्या फेज सर्किटमध्ये असेल तर सेटिंग नेमप्लेटच्या ०.५८ पट हवे: नेमप्लेटवर ६६ अँपिअर, तर रिलेवर ३८. येणाऱ्या लाइनीत असेल तर पूर्ण ६६. ३८ च्या जागी ६६ लावून "आता ट्रिप होत नाही" म्हणणाऱ्यांची मोटर पुढे जळते.

## ७. कार्ड सांगते, पण मशीन ऐकत नाही

स्क्रीनवर "लोड" आहे आणि प्रेशर चढत नाही. सोलेनॉइडच्या (हवेचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युत चुंबकाच्या) कॉइलवर व्होल्टेज मोजा. व्होल्टेज आहे आणि कॉइलजवळ नेलेला पेचकस ओढला जात नाही, तर कॉइल गेली. ओढला जातो आणि तरी लोड होत नाही, तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा इनटेक व्हॉल्व्ह अडकला. व्होल्टेजच नाही, तर फ्यूज, वायर आणि सगळ्यात शेवटी कार्डावरचा रिले.

कॉइल शॉर्ट असताना नवे कार्ड बसवले तर त्याचाही रिले जळतो. म्हणून आउटपुटचा दोष दिसला की प्रत्येक कॉइलचे ओहम मोजा. शून्याजवळ असेल ती बदला.

## ८. कधी येतो, कधी जातो असा फॉल्ट

हा सगळ्यात त्रासदायक. यात वेळेची नोंदच कामी येते. कॉन्टॅक्टर पडताना येत असेल तर कॉइलवरचा सप्रेसर (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) बघा: एसी कॉइलला आरसी स्नबर, डीसी सोलेनॉइडला डायोड. सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच डक्टमधून नेली असेल तर वेगळी करा. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला, पॅनलकडे, अर्थ करा. व्हीएफडीच्या मशीनमध्ये हे काटेकोरपणे पाळावेच लागते.

मशीन चालू असताना, पॅनलचे दार बंद ठेवून, सेन्सरच्या बाजूची वायर हलवून बघा. आकडा उडी मारत असेल तर वायर सापडली.

मशीनच्या फ्रेमवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी मेन बंद करून कार्डाचे सगळे कनेक्टर काढा. मेगरिंग (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणे) करायचे असेल तर कार्ड आणि व्हीएफडी सर्किटमधून बाहेर हवेत. ५०० व्होल्ट कार्डावर गेले की ते संपलेच.

## ९. आता कार्ड

लाइन ठीक, वायरी ठीक, योग्य पॅरामीटर असूनही रेझिस्टरवर आकडा चुकतो, किंवा २४ व्होल्ट पक्का असून स्क्रीन बंदच राहते, तेव्हा कार्ड खराब म्हणा. मागवताना जुन्या कार्डाच्या मागचा पार्ट नंबर आणि स्क्रीनवर दिसणारा सॉफ्टवेअर व्हर्जन दोन्ही कळवा. दिसायला तेच असलेले कार्ड वेगळ्या सेन्सरसाठी असू शकते.

नवे कार्ड कंपनीच्या मूळ सेटिंगवर येते. पहिल्या टप्प्यातले फोटो उघडा आणि प्रत्येक पॅरामीटर भरा. सेन्सरचा प्रकार आणि रेंज दोनदा तपासा.

## १०. पुन्हा सुरू करताना

रेझिस्टर आणि जंपर काढलेत ना? कॉइलची वायर जोडली? सेन्सर जागेवर? मग सुरू करा आणि अर्धा तास जवळच थांबा. इमर्जन्सी स्टॉप दाबून मशीन खरेच थांबते का, ते आधी बघा. नंतर दोन-तीन वेळा लोड-अनलोड होऊ द्या, स्क्रीनचे प्रेशर गेजशी जुळवा, तिन्ही फेजचे अँपिअर आणि स्थिरावलेले तापमान लिहा. थांबवल्यावर लगेच स्टार्ट दाबू नका. सेपरेटरमधली हवा सुटायला वेळ द्या, नाहीतर भरलेल्या दाबावर सुरू होताना ओव्हरलोड येतो.

हे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून पॅनलच्या दारात लावा. पुढच्या वेळी फॉल्ट आला की सेवा इंजिनिअरला फोनवर कोड, तापमान, प्रेशर, सुरू होतानाचा किमान व्होल्टेज आणि रेझिस्टरवर दिसलेला आकडा सांगा. तो नागपूरहून निघताना योग्य पार्ट घेऊन निघेल.

जिनिंग बंद झाल्यावर जूनपासून मशीन उभे राहते, तेव्हा पॅनलच्या केबल ग्लँडची भोके बंद करा, आत सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा कंट्रोलर तासभर चालू ठेवा. हंगाम सुरू करण्याच्या आठवडाभर आधी चौथा टप्पा पूर्ण करा, आणि फीडरवर काम झाले असेल तर फेज सीक्वेन्स मोजल्याशिवाय स्टार्ट दाबू नका.